दहावीचे गुण इतके कसे वाढले? पालक आणि शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी २६ वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. त्यातली बरीच वर्षं दहावीच्या उत्तरपत्रिका तपासल्या, काही वर्षं नियामक म्हणूनही, म्हणजे इतर परीक्षकांनी तपासलेलं पुन्हा पाहायचं, काम केलं. दरवर्षी निकालाच्या आठवड्यात ओळखीचे पालक तेच तेच प्रश्न घेऊन येतात, आणि नव्याने लागलेले शिक्षकही. ती उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. बहुतेक सगळं महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीबद्दल आहे, कारण मला तेच आतून माहीत आहे.

गुण खरोखर वाढलेत, की आम्हालाच तसं वाटतं?

वाढलेत. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये ७७.१० टक्के. २०२० मध्ये तो ९५.३० वर गेला आणि परीक्षाच न झालेल्या २०२१ मध्ये ९९.९५ वर. त्यानंतर २०२२ ला ९६.९४, २०२३ ला ९३.८३, २०२४ ला ९५.८१ आणि २०२५ ला ९४.१० टक्के.

शंभरपैकी शंभर टक्के मिळवणाऱ्या मुलांचा आकडा त्याहून बोलका आहे. २०१८ मध्ये अशी १२५ मुलं होती, २०१९ मध्ये फक्त २०, २०२० मध्ये २४२ आणि २०२१ मध्ये ९५७. एका वर्षात राज्यातली मुलं सहापटीने मठ्ठ होत नाहीत आणि पुढच्या वर्षी बारापटीने हुशारही होत नाहीत. या काळात मोजायची फूटपट्टी बदलत गेली.

२०१९ मध्ये असं काय झालं होतं?

त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण काढून टाकले होते. या विषयांचे पेपर पूर्ण १०० गुणांचे लेखी झाले. सोबत नवा अभ्यासक्रम आणि भाषांना कृतिपत्रिका, म्हणजे कृतींवर आधारलेली नव्या धाटणीची प्रश्नपत्रिका, आली. निकाल एकदम १२ टक्क्यांनी खाली आला आणि राज्यभर हलकल्लोळ झाला. सीबीएसई आणि आयसीएसईच्या मुलांना शाळेकडचे गुण मिळतात, आमच्या मुलांना नाहीत, मग अकरावीच्या प्रवेशात आमची मुलं मागे पडणार, ही पालकांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ८०:२० ची, म्हणजे लेखी ८० आणि शाळेकडचे २० गुणांची, पद्धत परत आणायचा निर्णय झाला.

सगळी घसरण हे २० गुण काढल्यामुळेच झाली असं मी म्हणणार नाही. कृतिपत्रिका मुलांना नवी होती, आम्हालाही नवी होती. २०२० च्या उडीतही एक वेगळी गोष्ट मिसळलेली आहे. कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून दिले गेले. तरीही २० गुण काढले की निकाल कोसळतो आणि परत दिले की पूर्वीच्याही वर जातो, हे दोन वर्षांत सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

हे २० गुण नेमके कशाचे असतात?

भाषेत श्रवण, भाषण आणि स्वाध्याय यांचे. विज्ञानात प्रात्यक्षिकाचे. कल्पना उत्तम आहे. मूल नीट ऐकतं का, चार वाक्यं सलग बोलतं का, हे लेखी पेपरात कळतच नाही. प्रामाणिकपणे घेतली तर तोंडी परीक्षा हा वर्षातला सगळ्यात सुंदर दिवस असतो.

घेतली कशी जाते ते सांगते. फेब्रुवारीचा महिना, वर्गात ६२ मुलं, दोन तासिका हातात. ६२ मुलांना प्रत्येकी पाच मिनिटं द्यायची तर पाच तास लागतात. मग चार-चार मुलं टेबलापाशी बोलवायची, एकाने कवितेचं कडवं म्हणायचं, बाकीच्यांनी मान डोलवायची आणि गुणपत्रकात १७, १८, १८, १९ असे आकडे पडायचे. एक मुलगा माझ्यासमोर उभा राहिला आणि एक शब्द बोलला नाही. घाबरला होता की त्याला येत नव्हतं, हे शोधायला मला वेळच नव्हता. त्याच्या नावापुढे मी १६ लिहिले. वर्गातला तो सगळ्यात कमी आकडा होता, आणि तोही मला कार्यालयात बोलावून १८ करायला सांगितला गेला. मी केला. आजही त्याबद्दल बरं वाटत नाही, कारण त्या मुलाला बोलताना अडचण येते हे कागदावर कुठेच उमटलं नाही, आणि उमटलं नाही म्हणून त्याच्यासाठी कुणी काही केलंही नाही.

गणित सोपं आहे. लेखीत ८० पैकी १६ आणि शाळेकडचे १९ मिळाले की ३५ होतात. लेखी पेपरचा पाचवा हिस्सा बरोबर आला की मूल उत्तीर्ण.

‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ने किती फरक पडतो?

पुष्कळ. सहा विषयांपैकी सगळ्यात जास्त गुणांचे पाच धरायचे आणि टक्केवारी ५०० वर काढायची, हा निर्णय राज्य सरकारने २०१० मध्ये घेतला. मुंबई उच्च न्यायालयाने तो जूनमध्ये रद्द केला, सर्वोच्च न्यायालयात तो टिकला. त्याआधी २००८ मध्ये वेगवेगळ्या मंडळांचे गुण जुळवायचं पर्सेंटाइलचं सूत्र आणि २००९ मध्ये ९०:१० चा कोटा, म्हणजे अकरावीच्या ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना, दोन्ही न्यायालयात पडले होते. हे सगळे उपद्व्याप एकाच कारणासाठी चालले होते: अकरावीच्या यादीत राज्य मंडळाचं मूल इतर मंडळांच्या मुलांच्या मागे राहू नये.

एक उदाहरण घ्या. मुलीचे गुण मराठी ९६, संस्कृत ९५, इंग्रजी ८८, गणित ७८, विज्ञान ९४, सामाजिक शास्त्रं ९१. बेरीज ५४२, म्हणजे ६०० वर ९०.३३ टक्के. गणित वगळलं की ५०० पैकी ४६४, म्हणजे ९२.८० टक्के. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचे वाढीव ७ गुण मिळाले की ४७१, म्हणजे ९४.२० टक्के. पेपर तेच, लिहिलेलं तेच, आणि टक्का जवळजवळ चारने वर.

इथे मला सगळ्यात खुपतो तो वगळलेला विषय. तो बहुतेक वेळा गणित नाहीतर इंग्रजी असतो, म्हणजे ज्यावर पुढची दोन वर्षं उभी राहणार तोच. टक्केवारीतून तो गायब होतो आणि घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही.

म्हणजे १०० टक्के मिळालेल्या मुलाची एकही चूक नसते?

असू शकते. वगळलेल्या सहाव्या विषयात कितीही गुण असू शकतात आणि कला-क्रीडेचे वाढीव गुण बेरजेत धरले जातात. २०२४ मध्ये राज्यात १८७ मुलांना १०० टक्के होते, त्यातली १२३ लातूर विभागातली. त्या मुलांनी जिवापाड मेहनत केली आहे, आणि कला किंवा खेळ मन लावून करणाऱ्या मुलांना त्याचं श्रेय मिळायलाच हवं. माझं म्हणणं इतकंच, की चित्रकलेचे ७ गुण ‘चित्रकला’ या नावानेच वेगळे दिसावेत. ते विज्ञानाच्या टक्क्यात मिसळले की चित्रकलेचंही कौतुक होत नाही आणि विज्ञानाचंही खरं कळत नाही.

पेपर हल्ली सढळ हाताने तपासतात हे खरं का?

सढळ हा शब्द बरोबर आहे, पण त्यामागे नुसता आळस नाही.

परीक्षक गठ्ठा तपासतो, नियामक त्यातल्या काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहतो आणि मुख्य नियामकांच्या सभेत आदर्श उत्तरपत्रिकेवर चर्चा होते. त्या सभेत एक शब्द हमखास ऐकू येतो, ‘विद्यार्थिहित’. उत्तरात मुद्दा आला असेल तर भाषेवरून गुण कापू नका. उदाहरण चुकलं पण रीत बरोबर असेल तर टप्प्याचे गुण द्या. ३३-३४ वर अडकलेली उत्तरपत्रिका पुन्हा उघडा, एखादा गुण राहून गेलाय का बघा. हे सगळं मला मान्य आहे. एका गुणाने एखाद्या मुलीचं शिक्षण थांबतं आणि घरचे तिचं लग्न ठरवतात, हे मी गावात पाहिलंय. तिथे मी पेन सैल सोडलं आणि पुन्हा सोडेन.

अडचण वरच्या टोकाला आहे. निबंधाला पूर्ण गुण देताना मला काय वाचायला मिळतं? मार्गदर्शकातला पाठ केलेला निबंध, तीच सुरुवात, तीच सुभाषितं. एका गठ्ठ्यात ‘पावसाळ्यातील एक दिवस’ मी एकाच शब्दांत नऊ वेळा वाचला. तोच गठ्ठा पुढे चाळताना एका मुलाने लिहिलेलं सापडलं: गळणाऱ्या घरात आई पातेली कुठे कुठे ठेवते, आणि पातेलं भरत आलं की थेंबाचा आवाज कसा बदलतो. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, अक्षर वाईट होतं. नियमाप्रमाणे त्या नऊ जणांना त्याच्यापेक्षा जास्त गुण बसत होते.

२०२१ च्या मुलांच्या गुणांना काही किंमत आहे का?

त्या मुलांना कृपा करून हिणवू नका. परीक्षा रद्द करणं त्यांनी मागितलं नव्हतं. नववीच्या वार्षिक निकालाचे ५०, दहावीच्या वर्षातल्या लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०, असं सूत्र होतं. गुण शाळांच्या हाती होते, त्यामुळे ज्या शाळेने प्रामाणिकपणे दिले त्या शाळेच्या मुलांचं नुकसान झालं. अकरावीसाठी २१ ऑगस्टला सामाईक परीक्षा ठेवली होती, ती उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला रद्द केली. मग त्याच फुगलेल्या गुणांवर प्रवेश झाले.

गुण थोडे जास्त मिळाले तर बिघडलं कुठे? मुलं खूश, आपण खूश.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारणारे भले लोक असतात.

पहिली गोष्ट, वरती जागा उरत नाही. पूर्वी ६० टक्क्यांना पहिला वर्ग मिळाला की पेढे वाटायचे आणि ७५ ला विशेष प्रावीण्य मिळालं की गल्लीत नाव व्हायचं. हे वर्ग आजही गुणपत्रिकेवर आहेत, पण मुंबई-पुण्याच्या नावाजलेल्या कनिष्ठ महाविद्यालयांची यादी नव्वदीच्या वर सुरू होते. ९० ते १०० च्या पट्ट्यात इतकी मुलं दाटली आहेत की ०.२० टक्क्यावर प्रवेश ठरतो. ०.२० टक्के म्हणजे ५०० पैकी एक गुण. एवढ्याशा फरकातून कुणाला जास्त येतं हे कुणालाच सांगता येणार नाही, मला तर नाहीच.

दुसरी गोष्ट, शाळेच्या गुणांवर कुणाचा विश्वास उरला नाही की विश्वास दुसरीकडे जातो. आपल्याकडे तो प्रवेश परीक्षांकडे गेला. वैद्यकीयला नीट, अभियांत्रिकीला सीईटी किंवा जेईई. अभियांत्रिकीसाठी खुल्या गटातल्या मुलाला बारावीच्या विषयगटात ४५ टक्के असले की पात्रता होते, बाकी सगळं सीईटीवर. म्हणून कनिष्ठ महाविद्यालयात नाव घालायचं आणि दिवसभर क्लासमध्ये बसायचं, हा ‘इंटिग्रेटेड’चा धंदा उभा राहिला. क्लासची फी ज्याला परवडते त्याचं भागतं. शेतमजुराच्या मुलीकडे फक्त शाळा होती, आणि शाळेने तिला ८८ टक्के देऊन सांगितलं की सगळं ठीक आहे. अकरावी विज्ञानाच्या पहिल्या घटक चाचणीत तिला भौतिकशास्त्रात २५ पैकी ६ मिळाले. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, “बाई, मी एकदम ढ कशी झाले?” ती ढ झाली नव्हती. दोन वर्षांपूर्वीच तिला कुणीतरी सांगायला हवं होतं की सूत्र पाठ आहे, पण ते कुठे वापरायचं ते कळलेलं नाही. फुगलेल्या गुणांचं ओझं अशा मुलींच्या डोक्यावर येतं. याच कारणासाठी मला या विषयाची चीड आहे.

खालच्या वर्गांत तर आता श्रेणी आहेत. तिथे हा प्रश्न नसेल ना?

तिथूनच तो सुरू होतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीला आकारिकला (वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाला) ७० आणि संकलितला (सत्राअखेरच्या चाचणीला) ३०, सातवी-आठवीला आकारिकला ४० आणि संकलितला ६०. ९१ पासून वर अ-१, मग अ-२, ब-१ असं उतरत इ-२ पर्यंत. इ-१ किंवा इ-२ मिळालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन करून वर आणायचं, अशी त्यामागची योजना. मला ती मनापासून आवडली होती. परीक्षेच्या भीतीने शाळा सोडणारी मुलं मी पाहिली आहेत.

प्रत्यक्षात इ कुणी देत नाही. दिला तर मार्गदर्शनाची नोंद, त्याचा अहवाल आणि साहेबांची भेट मागे लागते. मग सगळा वर्ग ब-२ च्या वर. प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात. त्याही तयार मिळतात, दुकानात पुस्तिकेत आणि व्हॉट्सअॅपवर पीडीएफमध्ये. ‘परिसरातील घटकांचे निरीक्षण करतो’ हे वाक्य मी एका नोंदवहीत ओळीने अकरा मुलांपुढे पाहिलं.

प्रथम संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी निम्म्याहून थोडी कमी निघाली. तो आकडा आणि आपल्या शाळेतल्या पाचवीच्या श्रेणी शेजारी-शेजारी ठेवून बघा.

राज्याने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि गरज पडल्यास पुनर्परीक्षा आणली. मुलाला मागे ठेवण्यापेक्षा या दोन परीक्षांच्या मधल्या दोन महिन्यांत त्याला कोण आणि काय शिकवणार, यावर या बदलाचं यश ठरेल.

इतर मंडळांत काय परिस्थिती आहे?

फार वेगळी नाही. सीबीएसईत पेपर अवघड गेला तर ‘मॉडरेशन’ करून गुण वाढवायची पद्धत होती. ती बंद करायचं २०१७ मध्ये अनेक राज्य मंडळांसह ठरलं, पण वर्ष मध्येच असल्यामुळे त्या वर्षीपुरती चालू ठेवायला दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं. दिल्लीच्या श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने २०११ मध्ये वाणिज्य शाखेबाहेरून येणाऱ्या मुलांसाठी १०० टक्क्यांची यादी लावली, तेव्हा देशभर चर्चा झाली. २०२२ पासून दिल्ली विद्यापीठाने बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश देणं सोडलं आणि सीयूईटी ही विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा घेतली. फुगलेले गुण शेवटी आणखी एका प्रवेश परीक्षेकडेच घेऊन जातात, हे तिथेही झालं.

मला १९८८ मध्ये ६४ टक्के होते. म्हणजे आजचे किती?

कुणालाच सांगता येणार नाही. पेपर वेगळा, विषयांची मोजणी वेगळी, २० गुण नाहीत, सहावा विषय वगळलेला नाही. त्या वर्षी तुमच्या मागे शेकडा किती मुलं होती हे माहीत असेल तर तुलना होऊ शकते. सीईटीचं पर्सेंटाइल तेच सांगतं: ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली ९० मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे. गुणपत्रिकेवर टक्क्यांशेजारी हा एक आकडा छापला तरी बराच धूर निवळेल असं मला वाटतं.

मुलाला मात्र “आमच्या वेळचे ६० म्हणजे तुमचे ९०” असं कृपया ऐकवू नका. त्याने नियम ठरवले नाहीत.

मी नवीन शिक्षक आहे. मुख्याध्यापक गुण वाढवायला सांगतात. काय करू?

तुमच्यावर दबाव का येतो ते आधी समजून घ्या. चौकात ‘सलग आठव्या वर्षी १०० टक्के निकाल’ असा फलक लागतो, तो पाहून पुढच्या वर्षीचे प्रवेश होतात, पट टिकला तर संचमान्यतेत, म्हणजे मुलांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं मंजूर होतात तेव्हा, पद टिकतं. मुख्याध्यापकही त्याच साखळीत अडकलेले असतात.

एकट्याने झुंजून आपल्याच वर्गाला १२ द्याल आणि शेजारच्या शाळेत सगळ्यांना १९ मिळतील, तर शिक्षा तुमच्या मुलांना होईल. ते करू नका. मी शेवटची काही वर्षं दोन वह्या ठेवायचे. एक कार्यालयाची. दुसरी माझी, त्यात प्रत्येक मुलाचं खरं काय ते: ‘जोडाक्षरं अडतात’, ‘प्रश्न समजून न घेता उत्तर सुरू करतो’, ‘बोलते छान, लिहिताना आटते’. ऑक्टोबरच्या पालकसभेत कार्यालयाची वही बाजूला ठेवून ही दुसरी उघडायची. सुरुवातीला दोन पालक रागावून निघून गेले. बाकीचे बसले, आणि पुढच्या वेळी स्वतःहून विचारायला लागले, “बाई, त्या वहीत काय लिहिलंय?”

गुण कमी वाटत असतील तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी का?

जरूर मागवा. निकालानंतर ठरलेल्या मुदतीत मंडळाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. नुसती गुणपडताळणी म्हणजे बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते आणि मग थोड्या दिवसांत अर्ज करावा लागतो. त्याआधी विषयशिक्षकांना ती नीट दाखवा.

आमच्या इमारतीतल्या एका मुलीला गणितात ७१ पडले. तिच्या वडिलांना खात्री होती की ८५ तरी हवेत. छायाप्रत आली, मी आणि त्यांच्या शाळेतले गणिताचे सर जेवणाच्या टेबलावर ती घेऊन बसलो. गुण बरोबर दिले होते, एखाददुसरा जास्तच. वडील गप्प झाले. मुलगी मात्र पेन्सिल घेऊन पुन्हा पहिल्या पानापासून बघायला लागली आणि दहा मिनिटांनी तिने पाच ठिकाणी गोल केले. पाचही ठिकाणी कंस सोडवताना बाहेरचं वजा चिन्ह आतल्या दुसऱ्या पदाला लावायचं राहिलं होतं. नववीपासून ती तेच करत होती, आणि सगळ्या चाचण्यांत तिला ‘अ’ मिळत आला होता.